खिशातले पिस्तूल आणि खांद्यावरचे धनुष्य

'तमंचा' हा शब्द मराठीत तुर्की-फारसी वाटेने आला, 'पिस्तूल' पोर्तुगीजांकडून. दोन्हींचे आपल्या मनातील स्थान कमरेच्या शेल्यात. खिशातले पिस्तूल ही मात्र निराळी वस्तू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकमकीची जागा तांब्याच्या टोपीने घेतली आणि कोटाच्या खिशात मावणारी ठासणीची आखूड पिस्तुले युरोप-अमेरिकेत सर्रास झाली. बार एक, फार तर दोन. नेम चार-दोन पावलांपुरता. हेतू स्वसंरक्षणाचा. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने घडवलेल्या अशाच पिस्तुलाने १८६५ साली लिंकनचा बळी घेतला, ही गोष्ट वेगळी.

आम्हांला या वस्तूहून तिच्यामागच्या हक्काचे कुतूहल अधिक आहे. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८च्या शस्त्र कायद्याने केलेली 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी अशी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, आणि त्यांच्याच पंगतीत धनुष्यबाण! नियमांनी युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट दिली. म्हणजे तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यात नंदुरबार-तळोद्याच्या वाटेने जाणाऱ्या साहेबाच्या खिशातले पिस्तूल हे निव्वळ संरक्षण. आणि अक्राणीच्या डोंगरात श्वापदांपासून राखण करणाऱ्या भिल्लाच्या खांद्यावरचे धनुष्य हे व्याख्येनुसार शस्त्र. अंमलबजावणी कितपत झाली हा भाग अलाहिदा. शब्दांनी आपले काम केले होते. याच भिल्लांच्या हाती, औट्रमने १८२५ साली उभारलेल्या पलटणीत, सरकारनेच बंदूक दिली होती, हेही विसरता येत नाही. सरकारी हुकमाखालचा भिल्ल विश्वासू, स्वतःच्या रानातला संशयित.

खिशात मावणारे हे हत्यार पुढे राज्यकर्त्यांवरच उलटले. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले धाडली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. प्रयोग होता 'संगीत शारदा'चा. हा जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. आपल्या नाट्येतिहासांनी या संध्याकाळीची दखल अधिक सावकाश घ्यायला हवी होती, असे आम्हांला वाटते.

नंदुरबारच्या रस्त्यावर बंदूक आली ती मात्र एकाच बाजूने. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे चार सोबती पडले, तेव्हा मिरवणुकीत होता तो तिरंगा.