बाळापूरची छत्री, पुराचं पाणी आणि आपलं ग्रॅनाइट

अकोल्याहून खामगावकडे जाताना बाळापूर लागतं. मन आणि म्हैस नदीच्या मधला तिथला किल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईल खान यानं १७५७ मध्ये पुरा केला. पण मला आज लिहायचंय ते नदीकाठच्या काळ्या दगडी छत्रीबद्दल. २५ फूट चौरस, ३३ फूट उंच. मिर्झाराजे जयसिंगांनी ती बांधली, असं मानलं जातं.

कुणाला विचारा, "मिर्झाराजाची समाधी हाये थे," असं उत्तर मिळतं. तशी ती समाधी नाही. मिर्झाराजे वारले बुऱ्हाणपूरला, २८ ऑगस्ट १६६७ रोजी, आणि त्यांच्या स्मरणाची छत्री तिकडेच तापीकाठी आहे.

मिर्झाराजे म्हटलं की आपल्याला फक्त पुरंदर आठवतो. जून १६६५ चा तह, २३ किल्ले गेले. पण हा माणूस नुसता सेनापती नव्हता, मुरलेला राजकारणी होता. महाराजांना आग्र्याला पाठवताना सुरक्षिततेची हमी त्यांनी दिली आणि तिकडे ती निभावायची जबाबदारी मुलावर, रामसिंगावर आली. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज निसटले आणि बादशहाचा संशय रामसिंगावर गेला. इकडे विजापूरची मोहीमही फसली होती. दख्खनची सुभेदारी शहजादा मुअज्जमकडे गेली, मिर्झाराजांना परत बोलावलं आणि वाटेतच ते गेले. आयुष्यभर ज्या दरबाराची चाकरी केली, त्याच दरबाराची मर्जी शेवटी उरली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही छत्री आजवर उभी राहिली ती केवळ दगड टणक म्हणून नव्हे. जुन्या नोंदींत लिहिलंय की एका मोठ्या पुरानं छत्रीच्या पायाचं नुकसान झालं आणि ३,००० रुपये खर्चून तो दुरुस्त केला. पायाचं काम कुणाला दिसत नाही. त्याचं उद्घाटन होत नाही, फोटो निघत नाही. पण ते वेळेत झालं नसतं, तर वरचं कोरीवकाम कधीच नदीत गेलं असतं.

आजची आपली रीत पाहा. एखादा नेता गेला की वर्षभरात स्मारक होतं. आपल्या वऱ्हाडचा दगड काळा बेसाल्ट, पण स्मारकाला हवं चकचकीत ग्रॅनाइट, तेही बहुतेक कर्नाटक-तेलंगणातून आणलेलं. लोकार्पणाला मंडप, फलकावर पंधरा नावं. पाच वर्षांनी जाऊन बघा. लाद्या निखळलेल्या, कारंजं बंद, खालची माती खचलेली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या हिशेबानं घेतला नाही, तर वर ग्रॅनाइट लावा नाहीतर संगमरवर, तडा जाणारच.

जुन्या वास्तूंची "दुरुस्ती"ही अशीच चालते. सांध्यात सिमेंट कोंबायचं आणि वर ऑईल पेंट मारायचा. जुने कारागीर चुना, वाळू, विटांचा चुरा घाणीत मळायचे. त्यात गूळ, बेलफळ घालायचे. चुन्यातून आतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवून धरतं. मग क्षार साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणजे दुरुस्तीनंच वास्तू खराब होते.

काही जण म्हणतील, स्वराज्यावर चालून आलेल्या माणसाची छत्री आपण का सांभाळायची? माझं म्हणणं साधं आहे. मिर्झाराजांची ताकद कळल्याशिवाय पुरंदरचा तह कळत नाही, आणि तो कळल्याशिवाय त्यातून सावरलेल्या महाराजांचं मोठेपण कळत नाही. शिवाय साडेतीनशे वर्षं ही छत्री आपल्याच नदीकाठी आहे. ती आता बाळापूरची आहे.

म्हणून दोनच मागण्या. दर पावसाळ्याआधी छत्रीचा पाया आणि नदीकाठ जाणकाराकडून तपासून घ्यावा, काम लागलंच तर चुन्यातच करावं. आणि अमरावती असो की अकोला, यापुढे कुठल्याही नेत्याचं स्मारक मंजूर करताना पुढच्या २० वर्षांच्या देखभालीचा पैसा आधी बाजूला काढावा. तेवढी तयारी नसेल, तर त्या नेत्याच्या नावानं चार झाडं लावा. निदान सावली तरी मिळेल.

बाळापूरकरांनो, तुमच्या घरी छत्रीचा जुना फोटो असेल, तर कमेंटमध्ये नक्की टाका. पाया किती उघडा पडलाय, ते त्यावरून ताडून बघता येईल.