बांबूच्या पासवर सही कोणाची?

हा आपल्या इतिहासाच्या भागाचा लिखित मजकूर. गाडीत, बसमध्ये ऐकायचं राहून गेलं असेल तर इथे वाचून घ्या.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कुठलीही फाइल दोन परवानग्यांवर चालते: वाचायची आणि बदलायची. बदलायची परवानगी ज्याच्याकडे, खरा मालक तोच. बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. आजची गोष्ट अशाच एका परवानगीची आहे. फरक एवढाच, की इथली फाइल म्हणजे गडचिरोलीचं जंगल.

जागतिकीकरण म्हटलं की आपल्याला १९९१ साल आठवतं. माझी नोकरीही त्याच वाटेनं आली, हे मान्य. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला बाहेरच्या बाजारानं त्याच्या कितीतरी आधी गाठलं होतं. इंग्रजांना रेल्वेसाठी लाकूड हवं होतं. त्यासाठी वनकायदे आले. त्यातल्या १९२७च्या कायद्यानं तर गंमतच केली. बांबू खरं म्हणजे गवताच्या कुळातला, पण कायद्यानं त्याला 'झाड' ठरवलं. म्हणजे काय, तर बांबू बाहेर न्यायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागणार. त्यालाच सगळे 'टीपी' म्हणतात.

१९४५मध्ये बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. जंगलातला बांबू सरकारी कराराने गिरणीकडे जाऊ लागला. ज्या गोंड माणसाच्या घराचा कूड बांबूचा, टोपली बांबूची, त्याला कापायचं काम मिळालं, पण ते मजुरीवर. भाव ठरवताना त्याला कोणी विचारलं नाही. माझ्या शाळेच्या वह्यांचा कागद कुठल्या जंगलातून आला, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

आता धानोरा तालुक्यात चला. लेखा गावाजवळ मेंढा नावाचं छोटं गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या दोघांची नावं या गावाशी जोडलेली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. तिचा अर्थ फुटून निघण्याचा नाही. आमच्या गावाचे निर्णय आम्ही सगळे बसून, सर्वांच्या सहमतीनं घेऊ, असा आहे. गिरणीसाठी चाललेल्या बांबूतोडीला या गावानं विरोध केला तो शांतपणे, अभ्यास करून.

२००६मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात बांबू 'गौण वनोपज' ठरला आणि त्यावर मालकी गावाची. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. झालं का काम? नाही! हक्काचा कागद हातात होता, पण टीपी पुस्तक अजून वन विभागाच्या कपाटात. माल तुमचा, पण विकायला न्यायचा तर सही आमची. बघा, वाचायची परवानगी मिळाली, बदलायची नाही.

अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबू कोणाला विकायचा, मजुरी किती द्यायची, हे ग्रामसभा ठरवू लागली. लक्षात घ्या, या गावानं बाजाराला दार बंद केलं नाही. बाजाराशी बोलायला स्वतःची खुर्ची मागितली.

आणि गिरणी? तिची मूळ कंपनी २००७मध्ये मलेशियात, बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यात, लगदा-कागदाचा कारखाना विकत घ्यायला गेली. पुढे कर्जात अडकून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. कंपनी एका जंगलातून दुसऱ्या देशाच्या जंगलात जाऊ शकते. मेंढ्याचा माणूस कुठे जाणार? त्याचा देव, त्याचा मोह, त्याचं तेंदूपान, सगळं इथेच.

आता त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, एटापल्ली तालुक्यात. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. माडिया लोकांसाठी हाच डोंगर ठाकूरदेवाचा. २००७मध्ये इथे खाणपट्टा दिला गेला. तेव्हा चीनच्या पोलादाच्या भुकेनं जगभर खनिजाचे भाव चढलेले होते. २०१६च्या डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी इथे कित्येक ट्रक जाळले. बंदूक दोन्हीकडून आली की मधल्या गावकऱ्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. २०२१पासून खाण जोरात सुरू झाली. उत्पादन आणखी वाढवायचं ठरलं, तेव्हा २०२२मध्ये जनसुनावणी झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नाही, तर शंभरहून अधिक किलोमीटर लांब, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. २०२३मध्ये तोडगट्ट्याला लोक नव्या खाणींविरुद्ध कित्येक महिने धरणं धरून बसले.

मी खाणीच्या नोकरीला नावं ठेवणार नाही. तिथल्या पोरांनाही माझ्यासारखा दरमहा पगार हवा आहे, आणि काहींना तो मिळतोयही. शंभर किलोमीटर चालून 'नाही' किंवा 'हो' म्हणायला कोण येणार, एवढाच माझा प्रश्न आहे. मानवाधिकार हा शब्द फार मोठा वाटतो. गडचिरोलीत तो एका पावतीपुस्तकाएवढा आहे. पुस्तक कोणाच्या कपाटात आहे, तेवढं बघा.

तुमच्या गावाजवळ खाण, कारखाना, धरण असेल, तर एकदा आजीला नाहीतर आजोबांना विचारा: तेव्हा आपल्याला कोणी विचारलं होतं का? उत्तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!