सोरायटिक संधिवात
सोरायसिस या त्वचारोगाशी निगडित असलेला दाहजन्य संधिवात. प्रतिकारयंत्रणा शरीरातील ऊतींवरच उलटल्याने तो होतो. बहुतेक रुग्णांत त्वचेवरचे चट्टे आधी व सांधेदुखी काही वर्षांनी येते. काहींत हा क्रम उलटा असतो, आणि निदान चुकते ते बहुधा तिथेच. रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सहसा निगेटिव्ह असतो. म्हणून तेवढ्या एका तपासणीवर विसंबून संधिवात नाही असे ठरवणे धोक्याचे आहे. १९७३ मध्ये मोल व राइट यांनी या रोगाचे पाच प्रकार सांगितले. २००६ पासून निदानात कॅस्पर निकषांचा आधार घेतला जातो.

सांध्यांपेक्षा अधिक बोलकी लक्षणे पुष्कळदा इतरत्र असतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, नखे बुडाच्या कातडीपासून सुटतात. हाताचे वा पायाचे एखादे बोट आखेच्या आखे सुजते. कंडरा हाडाला जुळते तिथे दाह होतो, म्हणून सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखते. हे दुखणे चपलांच्या माथी मारले जाते. काहींना आतड्याचा दाह किंवा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, होतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, तर ते डोळे येणे समजून घरी थेंब टाकत बसू नये. लठ्ठपणा, मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाणही या रुग्णांत जास्त आढळते.

औषधाची निवड या लक्षणांवरच ठरते. सौम्य दुखण्यात वेदनाशामके पुरतात. मेथोट्रेक्झेट सांधे व त्वचा दोन्हींवर चालते, मणक्यावर नाही. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतल्यास जिवावर बेतते. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास सोरायसिस उसळू शकतो. जैविक औषधांपैकी अडालिमुमॅब डोळे व आतडे यांनाही उपयोगी पडते, तर एटानरसेप्टचा आतड्याच्या दाहावर उपयोग होत नाही. सेक्युकिनुमॅब त्वचेसाठी प्रभावी, पण आतड्याचा दाह असल्यास टाळावे. अडालिमुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ मध्ये बाजारात आली, तरी जैविक औषधांचा खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरच आहे. भारतात क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात सुप्त असतात. अडालिमुमॅबसारखी औषधे ते जागे करू शकतात, म्हणून पहिल्या इंजेक्शनपूर्वी क्षयाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.