पेन्सिलीचा फेरफार

पनवेल तालुका 1883 साली ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला आणि 1981 साली त्या जिल्ह्याचे रायगड झाले. तथापि जमिनीच्या दप्तराची जी शिस्त मुंबई सरकारने 1903 च्या कायद्याने घालून दिली, तिचा गाभा या स्थित्यंतरांत ढळला नाही. खरेदी, वाटणी, वारसा वा गहाण, कोणत्याही कारणाने हक्क पालटला म्हणजे तलाठ्याने प्रथम फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घालावी, तिची प्रत चावडीवर डकवावी, हितसंबंधितांस नोटिसा बजावाव्यात, हरकत आल्यास ती तक्रारींच्या वहीत उतरवावी, आणि वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याने चौकशी करून सही केल्यावाचून त्या नोंदीस प्रमाणित म्हणू नये, हा तो क्रम. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने 150 व्या कलमात तो कायम केला.

हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळी ही मधली अवस्था डोळ्यांना दिसत असे. नव्या फेरफाराचा क्रमांक उताऱ्यावर पेन्सिलीने पडे, आणि नोंद मंजूर झाल्यावर त्यावर शाई चढे. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव नाहीसे न करता त्याभोवती कंस घातला जाई, म्हणजे पूर्वीचा खातेदार कोण आणि कोणत्या फेरफाराने तो कमी झाला, हे त्याच्या नातवासही वाचता येई. या कंसाविषयी मला नितांत आदर वाटतो.

खारघर-कामोठ्यात राहून संगणकाच्या प्रणाली रचणाऱ्या आजच्या पिढीस कच्च्या आणि पक्क्या नोंदीतला हा भेद अपरिचित नाही. जावा भाषेतील प्रकल्प ज्या ‘मेवन’ने बांधले जातात, त्यात घडत असलेल्या घटकास ‘स्नॅपशॉट’ म्हणतात, व एकाच क्रमांकाखाली आज एक आणि उद्या दुसरे हाती येऊ शकते. उलट मध्यवर्ती भांडारात प्रसिद्ध झालेली ‘रिलीज’ आवृत्ती मागाहून बदलता येत नाही, दुरुस्तीस नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि ज्या प्रकल्पाच्या आधारांत एकही स्नॅपशॉट उरला आहे त्याची पक्की आवृत्ती काढण्यास मेवनची प्रचलित प्रक्रिया नकार देते.

अशा नकाराचे मोल पनवेलला फार जवळून कळले आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याची सारी मांडणी खातेदाराच्या नावावर उभी होती, आणि ज्या घरांत आजोबांनंतर वारसनोंद झालीच नव्हती, तेथे हक्क कोणाचा हेच आधी सिद्ध करणे भाग होते. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच जण गोळीबाराला बळी पडले, आणि पुढे 1990 साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. परंतु त्या भूखंडाचा मार्गही त्याच जुन्या नोंदीवरून जात होता. रक्त सांडून मिळविलेला हक्क कच्च्या कागदावर अडावा, याहून क्लेशदायक काय?

आता पेन्सील गेली आहे, पण अवस्था गेलेली नाही. संगणकीकृत सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ असा रकाना असतो, आणि अखेरच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही छापलेला असतो. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात जमिनीचा सौदा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने इसाराची रक्कम देण्यापूर्वी ताजा उतारा काढावा, हा रकाना वाचावा, आणि तेथे ‘नाही’ असे नसेल तर फेरफार प्रमाणित होईपर्यंत साठेखत करू नये.