तीनदा जळालेला अजिंठा आणि मुंबईच्या भट्टीतली भांडी

1 सप्टेंबर 1923. दुपारी बाराच्या सुमारास टोकियो हादरले आणि भूकंपापाठोपाठ आगी लागल्या. त्या प्रलयात तेथील शाही विद्यापीठात जपून ठेवलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती नष्ट झाल्या. त्या घडवणाऱ्यांत प्रमुख होता अराई काम्पो हा जपानी चित्रकार. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून तो 1916 मध्ये भारतात आला आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्याने ही चित्रे उतरवली.

अजिंठ्याच्या नशिबी हे तिसऱ्यांदा आले होते.

मेजर रॉबर्ट गिल याने जवळजवळ दोन दशके खपून केलेली तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. 1866 च्या आगीत मोजकी वगळता सारी गेली. मग 1872 पासून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन लेण्यांत उतरले. हे काम तेरा वर्षे चालले. त्यातला मोठा वाटा 1885 मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाला.

परंतु ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांचे हात कॅनव्हासवर थांबले नव्हते. त्याच शाळेत, त्याच दशकात, जॉर्ज टेरी या शिक्षकाने मातीकामाची कार्यशाळा उभी केली होती. तिला पार्श्वभूमीही होती. 1865 मध्ये तेथे आलेले लॉकवुड किपलिंग (रडयार्डचे वडील) हे मुळात इंग्लंडमधील बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी शिकलेले. टेरीने मात्र इंग्लंडकडे न पाहता सिंधकडे पाहिले. सिंधच्या कुंभारांना मातीवर निळी, हिरवी, पिवळी चकचकीत झिलई चढवण्याची पिढीजात विद्या अवगत होती. ती मुंबईत आली आणि तिच्यावर अजिंठ्याची कमळे, पक्षी, वेली, मानवाकृती अवतरल्या. सिंधची झिलई, महाराष्ट्रातल्या लेण्यांची चित्रे, गिऱ्हाईक बहुधा युरोपीय दिवाणखान्याचे! जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या आपल्या भारतीय कलांवरील ग्रंथात या भांड्यांची दखल घेतली.

येथे सावध राहिले पाहिजे. ही भांडी म्हणजे अजिंठ्याची विश्वासू नक्कल नव्हे. फुगीर पोटाच्या फुलदाणीवर भिंतीवरचे चित्र बसवताना त्याचा प्रसंग तुटतो, कथा हरवते, उरते ती नक्षी. जातककथा शोधणाऱ्या अभ्यासकाला ग्रिफिथ्सचा 1896-97 मधील द्विखंडी ग्रंथच उपयोगी पडेल. तरीही भाजलेल्या मातीचा एक गुण कॅनव्हासला आणि कागदाला नव्हता. ती आगीतूनच जन्मलेली होती.

गंमत अशी की मूळ चित्रेही मातीवरच आहेत. चिखलात भुसा आणि वनस्पतींचे धागे मळून कारागिरांनी खडकावर गिलावा चढवला, त्यावर पातळ पांढरा थर देऊन रंग भरले. ती माती कधी भाजली गेली नाही. ओलावा, कीटक, वटवाघुळे आणि वाढत्या गर्दीचा श्वास यांना ती आजही तोंड देते आहे.

मुंबईच्या या मातीकामाचे काही नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. हे तेच संग्रहालय, जे 1885 च्या त्या आगीच्या काळी साउथ केन्सिंग्टन म्हणून ओळखले जाई.