प्राणहितेत न आलेल्या आगबोटी

बोटीचा प्रवास म्हटला की आज सुट्टीतील सहल आठवते. गोदावरीवर आंध्रातील पापी टेकड्यांमधून अशा सहली निघतात. पण याच नदीने आजच्या गडचिरोली जिल्ह्यापर्यंत आगबोटी आणण्याचा बेत एकोणिसाव्या शतकात आखला गेला होता, तोही मालवाहतुकीसाठी.

वर्धेकडील कापूस प्राणहिता-गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यावर न्यावा, ही कल्पना आर्थर कॉटन या अभियंत्याने उचलून धरली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. अशा ठिकाणी बंधारा बांधून शेजारी कालवा खणतात व त्यात दोन्ही टोकांना दारे असलेला हौद ठेवतात. बोट आत शिरली की मागचे दार लावून हौदात पाणी सोडायचे. पाण्याबरोबर बोटही वर चढते.

अडचण केवळ खडकांची नव्हती. ही नदी पावसावर जगते. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात वाळू, म्हणजे बोटी काही महिनेच चालणार. रेल्वे बाराही महिने धावते. १८६७ मध्ये ती मुंबईहून नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये नदीचे काम सोडून देण्यात आले.

२०१९ मध्ये सिरोंच्याजवळ मेडीगड्डा बंधारा झाला. फुगवट्याने शेती बुडते, अशी तक्रार सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनी केली. २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. नदी बाराही महिने सारखी नसते, हा धडा जुनाच आहे. आपल्या गावच्या नदीचे पाणी दरमहा कुठवर असते, याची नोंद विद्यार्थ्यांनी वर्षभर पुलावरून जरूर करावी.