वाहबीझ भरुचा

वाहबीझ भरुचा या भारताच्या आंतरराष्ट्रीय रग्बीपटू असून त्यांनी भारतीय महिला रग्बी संघाचे कर्णधारपद भूषविले आहे. त्या पुण्याच्या असून व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत. २०१९ मध्ये पंधरा खेळाडूंच्या रग्बीत भारतीय महिलांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली.

कारकीर्द

भारताचा महिला रग्बी संघ २००९ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरला. थायलंडमधील पट्टाया येथील ती स्पर्धा सात खेळाडूंच्या रग्बीची होती. त्या पहिल्या पिढीत भरुचा होत्या. पुण्याच्याच नेहा परदेशी यांनीही पुढे भारताचे नेतृत्व केले. महिला रग्बीचा विश्वचषक १९९१ मध्येच वेल्समध्ये खेळला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे भारतीय संघाचा प्रवेश किती उशिरा झाला हे कळते. शिवाय या खेळावर उदरनिर्वाह होत नसल्याने नोकरी वा शिक्षण सांभाळूनच सराव करावा लागे.

सातांकडून पंधरांकडे

सात खेळाडूंच्या रग्बीत सात मिनिटांचे दोन डाव असतात. पंधरांच्या प्रकारात प्रत्येकी चाळीस मिनिटांचे. पहिल्यात वेगाला महत्त्व, तर दुसऱ्यात दोन्हीकडून आठ-आठ खेळाडू एकमेकींना भिडून रेटा देतात (यास स्क्रम म्हणतात). म्हणून सातांच्या खेळात मुरलेल्या संघाला पंधरांचा खेळ जवळजवळ नव्याने शिकावा लागतो. भारतीय महिलांनी तो २०१८ मध्ये सिंगापूर येथे आशियाई स्पर्धेत प्रथम खेळला आणि त्या पराभूत झाल्या.

पुढील वर्षी, २२ जून २०१९ रोजी, फिलिपिन्समध्ये पुन्हा सिंगापूरशीच गाठ पडली. सामना संपण्यास अवघी काही मिनिटे उरली असताना भारत एका गुणाने मागे होता. त्या वेळी भारताला पेनल्टी मिळाली. पेनल्टीवर चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून मारल्यास तीन गुण मिळतात. ओडिशाच्या सुमित्रा नायक यांनी तो अचूक मारला आणि भारताने सामना २१-१९ असा जिंकला. अशा क्षणी किक घ्यायची की चेंडू हाती घेऊन चढाई करायची, हे ठरविण्याचा अधिकार रग्बीत कर्णधाराचा असतो. धावफलकावर मात्र नाव किक मारणाऱ्याचेच लागते. या विजयामुळे भारतास स्पर्धेत कांस्यपदक मिळाले.